फिर्यादही सरकारची, बचावही सरकारचा

नागरिकशास्त्र शिकवताना मुलांपुढे न्यायालयाचे चित्र उभे करावे लागते. एका बाजूला सरकारी वकील, दुसऱ्या बाजूला आरोपीचा वकील आणि वर न्यायाधीश. आरोपी गरीब असल्यास त्याला सरकार आपल्या खर्चाने वकील देते, हे वाक्य आले की वर्गात हटकून एक शंका निघते. पकडणार सरकार, खटला भरणार सरकार आणि वकीलही देणार सरकारच. मग तो वकील नेमका कोणाचा? केरीच्या शाळेतील मुलांची ही शंका पोरकट आहे असे मला कधीच वाटले नाही. गोमंतकात ती साडेचारशे वर्षांहून जुनी आहे आणि तिचे उत्तर निरनिराळ्या काळी निरनिराळे मिळाले आहे.

आरंभ एका अप्रिय प्रकरणापासून करावा लागतो. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय स्थापन झाले. मधली चारपाच वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत चालले. मी स्वतः कॅथलिक आहे. या न्यायालयाविषयी बोलताना आवाज खाली आणावा असे मला वाटत नाही आणि वाजवीपेक्षा चढवावा असेही वाटत नाही. कागदोपत्री पाहिले तर या न्यायालयात आरोपीला वकील मिळत असे, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. आरोप ठेवणारा अधिकारी तो ‘प्रोमोतोर’, आणि बंदिवानांच्या वतीने बोलणारा तो ‘प्रोकुरादोर’. परंतु हा प्रोकुरादोर न्यायालयाच्याच पसंतीचा असे, आणि शपथ घेई तीही न्यायालयापुढेच. त्याहून मोठी अडचण अशी की, आरोपीविरुद्ध कोणी साक्ष दिली हे आरोपीला सांगत नसत आणि त्याच्या वकिलालाही सांगत नसत. साक्षीदाराचे नाव ठाऊक नाही, साक्षीची वेळ आणि जागा ठाऊक नाही, मग उलटतपासणी कशाची करावयाची? शार्ल देलों नावाच्या फ्रेंच वैद्याला दमण येथे पकडून गोव्याला आणले होते. १६७६ मध्ये त्याला शिक्षा झाली आणि सुटल्यानंतर १६८७ मध्ये त्याने आपली हकीकत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. आपला अपराध कोणता हे आरोपीनेच आठवून कबूल करावे अशी त्या न्यायालयाची अपेक्षा असे, हे त्या ग्रंथावरून कळते. अशा ठिकाणी वकील असून नसल्यासारखाच. पुढे या विषयात जे जे घडले ते पारखण्याची एक कसोटी मात्र येथेच हाती लागते. वकील दिला एवढ्याने भागत नाही. त्याच्या हाती काय दिले आणि तो कोणाला बांधलेला आहे, हे पाहावे लागते.

आमचे पेडणे या राज्यात आले ते फार उशिरा. १७८८ च्या तहाने सावंतवाडीकरांकडून हा महाल पोर्तुगीजांकडे गेला. डिचोली आणि सत्तरी त्याआधी काही वर्षे गेल्या होत्या. या ‘नव्या काबिजादीं’तील लोकांचे रीतिरिवाज राखण्याचे धोरण सरकारने स्वीकारले. ते कागदावर आणण्यासाठी रीतिरिवाजांची संहिताही तयार झाली. फिलिप नेरी शाव्हियेर यांनी १८६१ मध्ये ती पोर्तुगीज आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापून काढली. कायदा प्रजेच्या भाषेत छापला गेला ही गोष्ट लहान नव्हे. परंतु कायदा मराठीत वाचणाऱ्या माणसाला न्यायासनापुढे उभे केले की भोवती सगळी पोर्तुगीज! आरोप पोर्तुगीजमध्ये, युक्तिवाद पोर्तुगीजमध्ये, निकालही पोर्तुगीजमध्ये. मध्ये एक दुभाषा. आरोपीचे भवितव्य पुष्कळदा वकिलाइतकेच या दुभाष्याच्या जिभेवर अवलंबून असे. दुभाषाही सरकारचाच माणूस, हे सांगावयास नकोच.

आता सरकारी वकिलाकडे येऊ. पोर्तुगीज व्यवस्थेत त्याला देलेगाद म्हणत, म्हणजे प्रतिनिधी. राजेशाही होती तोवर तो राजमुकुटाच्या मुख्य वकिलाचा प्रतिनिधी होता. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर तो प्रजासत्ताकाच्या मुख्य वकिलाचा प्रतिनिधी झाला. पणजीला ‘रिलासांव’ हे वरिष्ठ न्यायालय होते. त्याची स्थापना १५४४ ची, म्हणजे आपल्याकडील मुंबई, मद्रास, कलकत्ता यांच्या उच्च न्यायालयांपेक्षा तीनशेहून अधिक वर्षे जुनी. खाली जिल्ह्यासारखे ‘कोमार्क’ नावाचे न्यायविभाग असत आणि प्रत्येक कोमार्कीत न्यायाधीशाबरोबर हा देलेगाद असावयाचा. फौजदारी खटल्यात सरकारतर्फे आरोप त्यानेच मांडावयाचा. परंतु खेड्यातील माणसाला देलेगाद भेटे तो बहुधा फौजदारीत नव्हे, घरात मृत्यू झाल्यावर.

पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. तिच्यातील वारसाहक्काचा भाग आजही गोमंतकीयांच्या हाडीमासी भिनलेला आहे. एखादा माणूस मेला आणि मागे अज्ञान मूल राहिले, तर त्याच्या मिळकतीचा ‘इन्व्हेंतार’ म्हणजे न्यायालयातर्फे यादी आणि वाटणी करणे सक्तीचे होते. मोठ्या भावाने किंवा चुलत्याने आपसांत उरकून टाकण्याची सोय नव्हती. घरातील कर्त्याने शपथेवर यादी द्यावयाची: घर, भाटले, माड, शेत, दागिने, कर्ज. पाच नातलगांचे कुटुंबमंडळ बसावयाचे, तीन बापाकडचे आणि दोन आईकडचे. या सर्वांवर नजर ठेवून अज्ञान मुलाच्या वतीने बोलावयाचे कोणी? तर पोरक्या मुलांचा ‘कुरादोर’ म्हणून तोच देलेगाद. त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय अज्ञानाच्या हिताचा निर्णय व्हावयाचा नाही असा दंडक होता.

श्रोतेहो, या योजनेचा मला नेहमी विस्मय वाटत आला आहे. जो माणूस सोमवारी एखाद्या बापाला तुरुंगात पाठवा म्हणून न्यायाधीशाला विनवतो, तोच मंगळवारी दुसऱ्या एखाद्या बापामागे राहिलेल्या पोराच्या वाट्याला किती माड आले ते मोजतो! घर सोडून गेलेल्यांचीही तीच गोष्ट. केरी, पालये, हरमल या भागांतील माणसे पोटासाठी मुंबईला जात, कोणी आगबोटीवर चढत. वारस कोठे आहे याचा पत्ता लागला नाही की न्यायालयाच्या कागदावर ‘अज्ञात ठिकाणी अनुपस्थित’ असा शेरा पडे. मग त्याच्या हिस्स्याची राखण करणे हेही सरकारी वकिलाचे काम. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या माणसाला कदाचित ठाऊकही नसेल की, कधी न पाहिलेला एक पोर्तुगीज बोलणारा वकील त्याच्या बांधावरील फणसासाठी हरकत नोंदवीत आहे. काम सर्वत्र चोख होत होते असा याचा अर्थ नव्हे. इन्व्हेंतार वर्षानुवर्षे रेंगाळत, आणि शुल्कापायी लहान मिळकतीचा मोठा घास जाई, हे जुनी माणसे सांगत असत. परंतु सरकारचा वकील म्हणजे केवळ शिक्षा मागणारा नव्हे, ज्याला स्वतःचा आवाज नाही त्याच्या बाजूनेही उभा राहणारा, ही कल्पना गोव्याच्या कायद्यात होती आणि लोकांच्या अनुभवात होती.

आरोपीच्या बाजूला मात्र इतकी काळजी दिसत नाही. आरोपीने वकील केला नसेल तर न्यायाधीशाने त्याला एक नेमून द्यावयाचा अशी तरतूद होती. अशा वकिलाला ‘ओफिसियोज’ म्हणत. १९२९ च्या पोर्तुगीज फौजदारी संहितेतही ती होती. पण हा नेमलेला वकील पुष्कळदा ऐन सुनावणीच्या वेळी हातात कागद घेणारा असे. गोव्यात कायद्याची पदवी असलेले वकील थोडे. कोइंब्र किंवा लिस्बन येथे जाऊन पदवी घेणे किती जणांना परवडणार? म्हणून परीक्षा घेऊन परवाना दिलेले ‘प्रोव्हिजनारियु’ वकीलही काम चालवीत. त्यांत उत्तम कायदेपंडित होऊन गेले, हे विसरता कामा नये. तरीही आरोपीच्या वाट्याला कोण येणार हे त्याच्या नशिबावर राही.

या व्यवस्थेची खरी परीक्षा झाली ती राजकीय खटल्यांत. १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहिया यांना पकडले आणि त्यानंतर त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला. साध्या नागरिकाला लष्करी न्यायालयापुढे उभे करण्याचा गोव्यातील तो पहिला प्रकार मानतात. आठ वर्षांची शिक्षा देऊन त्यांना पोर्तुगालातील पेनिश किल्ल्यात पाठविण्यात आले. पुढे पणजीचे लष्करी न्यायालय म्हणजे राजकीय बंद्यांची नेहमीची वाट झाली. या न्यायालयाची रचना पाहण्यासारखी आहे. न्यायासनावर लष्करी अधिकारी आणि त्यांच्या जोडीला कायदा जाणणारा एक न्यायाधीश. आरोप मांडणारा ‘प्रोमोतोर’ (हा शब्द आपण मघाशी ऐकलाच आहे) सामान्यतः लष्करी अधिकारी. आणि ज्याने खाजगी वकील केला नाही त्याच्यासाठी न्यायालयाला जोडलेला ‘देफेंसोर ओफिसियोज’ म्हणजे सरकारी बचावकर्ता, तोही लष्करी अधिकारीच. शिक्षा मागणारा आणि सुटका मागणारा एकाच गणवेशात, एकाच भोजनगृहात जेवणारे, एकाच वरिष्ठाला सलाम करणारे. त्यातील एखादा अधिकारी प्रामाणिक नसेलच असे मी म्हणणार नाही. परंतु आपला अशील सुटला तर आपली बढती कोण रोखील हा विचार त्याच्या मनात डोकावलाच नसेल, असे मानणे कठीण आहे.

आमच्या नदीपलीकडच्या किल्ल्याचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोमंतकीय सत्याग्रहींच्या तीन तुकड्या तीन दिशांनी गोव्यात शिरल्या. त्यांतील आल्फ्रेड आफोंसो यांच्या नेतृत्वाखालील तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकविला आणि ती पकडली गेली. उरलेल्या दोन तुकड्यांचे पुढारीही आंथनी डिसोझा आणि मार्क फर्नांडिस हे ख्रिस्ती गृहस्थच होते. गोव्याचे ख्रिस्ती लोक झाडून पोर्तुगालच्या बाजूचे आहेत असा लिस्बनचा प्रचार त्या काळी जोरात चालू असल्याने या नावांना निराळेच वजन आले. पुढल्या वर्षी त्याच तारखेला तेरेखोलला गोळीबार झाला. त्यात पनवेलचे हिरवे गुरुजी मारले गेले. माझ्याच पेशाचा माणूस. त्यांच्यावर खटला झाला नाही, त्यांना वकील लागला नाही.

ज्यांना लागला त्यांची गोष्ट अशी. १९५५ मध्ये नानासाहेब गोरे यांना दहा वर्षांची आणि मधु लिमये यांना बारा वर्षांची शिक्षा झाली. गोव्यात मराठी शिकवावयास आलेले मोहन रानडे बेती येथील चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन सापडले. त्यांना सव्वीस वर्षे. पोर्तुगालने सामान्य गुन्ह्यांसाठी फाशी १८६७ मध्येच रद्द केली होती, तेव्हा फासाची जागा वर्षांच्या बेरजेने घेतली. गोरे, लिमये आदी मंडळी १९५७ च्या फेब्रुवारीत सुटली. रानडे यांची सुटका लिस्बनजवळच्या तुरुंगातून १९६९ च्या जानेवारीत झाली, तोवर गोवा स्वतंत्र होऊन सात वर्षे लोटली होती.

अशा न्यायालयात उभे राहणारे काही खाजगी वकीलही होते. मडगावचे आंतोनियु ब्रुतु द कोश्त हे त्यांतील ठळक नाव. ते गोव्याच्या स्वायत्ततेचे पुरस्कर्ते होते, विलीनीकरणवादी नव्हते. म्हणजे ज्यांची वकिली त्यांनी केली त्यांचे राजकारण त्यांना सर्वस्वी मान्य नव्हते. तरी ते राजकीय बंद्यांसाठी त्या न्यायालयात उभे राहिले. शिक्षा व्हावयाची ती बहुधा होतच असे. मग उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग हा की, ज्या न्यायालयात अधिकारीच दोन्ही बाजूंनी बोलत होते तेथे निदान एक आवाज पगाराबाहेरचा होता, आणि आरोपीने काय केले याइतकेच सरकारने काय केले हेही नोंदीत जात होते.

या ठिकाणी थोडे विषयांतर करतो. आमच्या चर्चमध्ये एखाद्याला संतपद देण्यापूर्वी त्याच्या विरुद्ध बोलण्यासाठी एक अधिकारी नेमण्याची पद्धत होती. १५८७ पासून हे पद चालत आले आणि १९८३ मध्ये त्याचे स्वरूप पुष्कळ बदलले. लोक त्याला गमतीने सैतानाचा वकील म्हणत. त्याने संताविरुद्ध मुद्दे काढले म्हणून तो सैतानाचा झाला असे कोणी खरोखर मानीत नसे. विरुद्ध बोलणारा कोणीतरी असल्याशिवाय निर्णयाला बळकटी येत नाही, हे रोममध्ये ओळखले होते. खुनाच्या आरोपीचे वकीलपत्र घेणाऱ्याला मात्र आपण आजही खुन्याचा सोयरा समजतो.

१९ डिसेंबर १९६१ नंतर गोव्यात भारतीय राज्यघटना आली. रिलासांवच्या जागी ज्युडिशियल कमिशनरचे न्यायालय आले आणि १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ पणजीत सुरू झाले. परंतु गरीब आरोपीच्या वकिलाच्या बाबतीत घटनेतील पहिला शब्द अपुरा होता. बाविसाव्या अनुच्छेदाने आपल्या पसंतीचा वकील करण्याचा हक्क दिला; पैसे कोठून आणावयाचे हे सांगितले नाही. मुंबई सरकारने १९४९ मध्येच न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली कायदेविषयक साहाय्याचा विचार करण्यासाठी समिती नेमली होती, पण गाडे हळूहळू चालले. अमेरिकेत क्लॅरन्स गिडियन नावाच्या निर्धन कैद्याने तुरुंगातून स्वहस्ते अर्ज लिहिला, आणि १९६३ मध्ये गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात राज्याने वकील दिलाच पाहिजे असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला. फेरसुनावणीत वकील मिळाल्यावर तोच गिडियन निर्दोष ठरला! आपल्याकडे १९७३ च्या फौजदारी संहितेने सत्र न्यायालयातील निर्धन आरोपीला सरकारी खर्चाने वकील देण्याची तरतूद केली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेविषयक साहाय्य हे राज्याच्या धोरणाचे तत्त्व झाले. १९७८ मध्ये महाराष्ट्रातीलच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. होस्कोट नावाच्या कैद्याला उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये शिक्षा दिली होती, पण निकालाची प्रत हाती न पडल्याने त्याला अपिलासाठी यायला चार वर्षांहून अधिक काळ लागला. शिक्षा कायम राहिली. मात्र प्रत मोफत मिळणे आणि कैद्याला वकील मिळणे हा न्याय्य प्रक्रियेचाच भाग आहे, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निर्णयात सांगितले. प्रत हाती नाही, म्हणजे पुन्हा तीच जुनी कसोटी: वकिलाच्या हाती काय दिले?

आणि तो कोणाला बांधलेला, या दुसऱ्या अर्ध्याची परीक्षा मुंबईत २००९ मध्ये झाली. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यातील आरोपी अजमल कसाब याचे वकीलपत्र घेणार नाही असा ठराव वकिलांच्या एका संघटनेने केला, आणि न्यायालयाने नेमलेल्या वकील बाईंच्या घरावर निदर्शने झाली. तरी न्यायालयाने त्याला एकामागून एक वकील दिले. सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्याला वकील होता आणि फाशी कायम झाली ती हे सारे पार पडल्यावर. याच खटल्यातील दुसरी बाजू मात्र लोकांच्या फारशी लक्षात राहिली नाही. कसाबबरोबर फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीयही आरोपी होते. फहीमचे वकील शाहिद आझमी यांचा ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातील त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालून खून झाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात विशेष न्यायालयाने दोघांनाही पुराव्याअभावी या खटल्यातून मुक्त केले, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. त्या दोघांना वकील नसते तर तिघांचा निकाल एकाच ओळीत लागला असता काय, याचा विचार श्रोत्यांनी करावा.

२०२२ पासून राष्ट्रीय विधिसेवा प्राधिकरणाने देशात एक नवी योजना चालू केली आहे. आतापर्यंत खाजगी वकिलांच्या यादीतून एकेकाला खटल्यापुरते नेमत असत. या योजनेत बचावाचे वकील पूर्ण वेळचे, मानधनावर नेमलेले असतात आणि त्यांना खाजगी प्रकरणे घेता येत नाहीत. ऐन वेळी कागद हाती घेणाऱ्या जुन्या ओफिसियोजपेक्षा हे निश्चित बरे. परंतु मुलांची शंका येथे पुन्हा डोके वर काढते, कारण मानधन सार्वजनिक तिजोरीतूनच येते. फरक एवढाच आणि तो मोठा आहे, की त्याची नेमणूक खटला भरणाऱ्या खात्याच्या हाती नाही. ती न्यायाधीशांच्या देखरेखीखालील विधिसेवा प्राधिकरणाच्या हाती आहे. साक्षीदार मराठीत किंवा कोकणीत बोलतो आणि नोंद इंग्रजीत होते, ही जुनी अडचण मात्र गोव्याच्या न्यायालयांत अजून बरीचशी तशीच आहे. नोंदलेले उत्तर आरोपीला त्याच्या भाषेत समजावून सांगणे हे या वकिलाचे निम्मे काम असते असे मला वाटते.

शेवटी, हे भाषण ऐकणाऱ्यांपैकी कोणाला गरज पडली तर उपयोगी पडेल म्हणून सांगतो. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि कोठडीत असलेला कोणीही माणूस यांना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची मर्यादा नाही. इतर अनेकांना ती आहे. अर्ज तालुक्याच्या विधिसेवा समितीकडे करावयाचा असतो आणि माणूस कोठडीत असेल तर तो तुरुंगातूनही करता येतो. न्यायदंडाधिकाऱ्यापुढे प्रथम उभे केले जाते त्याच वेळी वकील मागता येतो, आणि मागण्याचा हक्क आहे हे आरोपीला सांगणे हे त्या दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे.